गाडी मागे घेऊ नकोस : ओव्हरड्राइव्ह नावाच्या यंत्राविषयी

गेल्या वर्षी मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी फोन वाजला. माझ्या दिवंगत मित्राची मुलगी बोलत होती.

"काका, बाबांची गाडी ओव्हरड्राइव्हमधून बाहेरच येत नाहीये. दांडी वर केली, खाली केली, काही फरक नाही. मी दुकानाच्या पार्किंगमध्ये आणून उभी केलीय. हळूहळू घरी आणू का?"

मी विचारलं, "गाडीचं तोंड कुठे आहे?"

"भिंतीकडे."

"मग इंजिन बंद कर आणि गाडी मागे घेऊ नकोस. एक इंचही नको. मी येतोय."

बिघडलेली गाडी पुढे चालवू नको असं कुणी म्हटलं तर समजण्यासारखं आहे. पण पुढे गेलीस तरी चालेल, मागे मात्र नको, हे तिला चमत्कारिक वाटलं असणार. त्या एका सूचनेमागे काय आहे ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. ते सांगताना यंत्राची रचना सांगावी लागेल, बिघाड शोधायचा क्रम सांगावा लागेल, आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या हातून झालेली एक चूकही.

मी मूळचा पुण्याचा. टर्नरचं काम शिकून १९६९ साली इंग्लंडला आलो आणि लेस्टरमध्ये एका लहानशा गॅरेजात कामाला लागलो. मद्रासला तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेराल्ड गाड्या मी पुण्याच्या रस्त्यांवर पाहिल्या होत्या. त्या मूळच्या ट्रायम्फ घराण्यातल्या. पण ओव्हरड्राइव्ह हा शब्द मात्र इथे आल्यावर पहिल्यांदा ऐकला. मित्राची गाडी त्याच घराण्यातली, १९६३ ची ट्रायम्फ टीआर-४, दोन माणसांची, वरून उघडी. त्यानं ती ऐंशीच्या दशकात पडिक अवस्थेत घेतली आणि आम्ही दोघांनी मिळून उभी केली. आता ती त्याची मुलगी चालवते.

जादा गिअर कशासाठी

आज आपल्या गाड्यांना पाच-सहा गिअर असतात. शेवटचा गिअर वेग वाढवण्यासाठी नसून इंजिनाला विसावा देण्यासाठी असतो, हे सरावानं आपल्याला ठाऊक असतं. पण १९५०-६० च्या दशकांतल्या बहुतेक गाड्यांना तीन किंवा चारच गिअर असत, आणि सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिनाची आणि गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याची फेरी एकास एक असे. गावातल्या रस्त्यांना, चढांना ते सोयीचं होतं. लांबच्या सरळ रस्त्यावर मात्र इंजिन विनाकारण ओरडत राही.

टीआर-४ चं गणित पाहा. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला १००० फेऱ्या झाल्या की गाडीचा वेग ताशी साधारण २० मैल होतो. म्हणजे ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३५०० फेऱ्या मारतं. ओव्हरड्राइव्ह लावला की त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या ०.८२ पट होतात, म्हणजे सुमारे २८७०. मिनिटाला ६३० फेऱ्यांची बचत. तासाभराच्या प्रवासात जवळजवळ ३८ हजार. पेट्रोल वाचतं, झीज कमी होते आणि शेजारच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं.

कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लो गाडीला ओव्हरड्राइव्ह होता. पण तिथल्या पद्धतीत ओव्हरड्राइव्ह लागायला चालकाला क्षणभर पाय अॅक्सिलरेटरवरून उचलावा लागे. कॅप्टन एडगर डी नॉर्मनव्हिल (१८८२–१९६८) या इंग्रज संशोधकाची रचना वेगळी होती. तेलाच्या दाबावर चालणारी, इंजिन जोर लावत असतानाही लागणारी आणि सुटणारी. शेफील्डच्या लेकॉक कंपनीनं ती बनवली. ही कंपनी मूळची रेल्वेच्या डब्यांचं साहित्य बनवणारी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्टँडर्ड व्हॅनगार्डपासून सुरुवात झाली आणि पुढे ट्रायम्फ, एमजी, ऑस्टिन-हीली, जॅग्वार, व्होल्वो अशा कितीतरी गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या मागे हा ओतीव अॅल्युमिनियमचा डबा दिसू लागला. २ नोव्हेंबर १९५९ रोजी लंडनहून उत्तरेकडे जाणारा एम-१ हा महामार्ग खुला झाला, तेव्हा त्याच्यासारख्या रस्त्यासाठी लागणारं यंत्र तयारच होतं. पुढे पाच गिअरचे गिअरबॉक्स स्वस्त झाले आणि ऐंशीच्या दशकात लेकॉकची गरज संपली.

टीआर-४ मध्ये हा डबा दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर लागतो. स्टिअरिंगच्या बाजूची बारीक दांडी हलवायची. क्लच दाबायची गरज नाही. चार गिअरच्या गाडीला असे सात वेग मिळतात.

बैलगाडीचं चाक

डब्याच्या आत ग्रहमालेसारखी चक्ररचना आहे. मधोमध एक दातेरी चक्र, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती तीन लहान चक्रं, ते ग्रह. हे ग्रह एका चौकटीत बसवलेले असतात आणि ती चौकट गिअरबॉक्सच्या दांड्याला जोडलेली असते. या सगळ्यांना बाहेरून वेढणारं, आतून दाते असलेलं एक मोठं कडं. हे कडं मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला जोडलेलं. म्हणजे इंजिन फिरवतं ग्रहांच्या चौकटीला, आणि गाडी चालते कड्याच्या फिरण्यानं.

आता बैलगाडीचं चाक आठवा. चाक रस्त्यावरून जात असतं तेव्हा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. आख गाडीच्या वेगानं पुढे जातो. आणि चाकाचा सर्वांत वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगानं पुढे जात असतो. सूर्यचक्र घट्ट धरून ठेवलं, तर ग्रह त्याच्यावरून बैलगाडीच्या चाकासारखे लोळत जातात. सूर्य ही त्यांची जमीन. चौकट म्हणजे आख. आणि त्यांची बाहेरची कड, जी कड्याच्या दात्यांत अडकलेली आहे, ती चौकटीपेक्षा जास्त वेगानं जाते आणि कड्याला ढकलते. कड्याचा घेर मोठा असल्यामुळे त्याच्या फेऱ्या दुप्पट होत नाहीत. आमच्या गाडीच्या मापाला त्या सुमारे २२ टक्क्यांनी वाढतात. गाडीला हवा असलेला जादा वेग तो हाच.

सूर्य धरला तर ओव्हरड्राइव्ह. सूर्य कड्यालाच बांधून टाकला, तर ग्रहांना लोळायला जागाच राहत नाही, सगळी माळ एका गोळ्यासारखी फिरते आणि गिअरबॉक्समधून जेवढ्या फेऱ्या येतात तेवढ्याच पुढे जातात. हा सरळ वेग.

सूर्य धरायचं आणि बांधायचं, ही दोन्ही कामं एकच वस्तू करते. सूर्याच्या मागेपुढे सरकणारी ही एक शंकूच्या आकाराची तबकडी. तिला आतून आणि बाहेरून, ब्रेकला असतं तसं घर्षणाचं अस्तर असतं. एरवी दणकट स्प्रिंगा तिला मागे कड्यावर दाबून धरतात. ओव्हरड्राइव्ह लावला की तेलाच्या दाबानं दोन पिस्टन त्या स्प्रिंगांना न जुमानता तिला पुढे ओढतात आणि डब्याच्या स्थिर कंकणावर रेटून धरतात. तबकडी थांबते, तिच्याबरोबर सूर्य थांबतो.

तबकडी मधल्या प्रवासात असते त्या क्षणी इंजिनाचा जोर वाऱ्यावर जाऊ नये म्हणून आणखी एक योजना आहे. चौकट आणि कडं यांच्यामध्ये एक एकदिशी क्लच असतो. सायकलच्या फ्रीव्हीलसारखा, फक्त कुत्र्यांऐवजी पोलादी लाटण्या असलेला. चौकट कड्यापेक्षा जोरात जायला लागली की तो धरतो. कडं चौकटीपेक्षा जोरात गेलं की सोडून देतो. ओव्हरड्राइव्हमध्ये कडं पुढे पळत असतं, म्हणून तो मोकळा फिरतो. सरळ वेगात पुढे जाताना बहुतेक भार तोच वाहतो. उतारावर इंजिनाचा ब्रेक लागतो तेव्हा आणि गाडी मागे घेताना मात्र भार तबकडीवर आणि तिच्या स्प्रिंगांवर असतो.

आता पार्किंगमधल्या त्या सूचनेकडे येऊ. समजा तबकडी पुढे अडकून राहिली आहे, सूर्य डब्याला बांधलेला आहे, आणि अशा वेळी तुम्ही रिव्हर्स टाकला. चौकट उलटी फिरू लागते. लोळणारे ग्रह कड्याला चौकटीपेक्षा जास्त वेगानं उलटं फिरवू पाहतात. पण उलट्या दिशेनं कडं पुढे पळायला लागलं की एकदिशी क्लचला ते चौकट पुढे पळाल्यासारखंच असतं, आणि तो धरतो. ग्रहमाला म्हणते कडं वेगानं गेलं पाहिजे, क्लच म्हणतो बरोबरीनंच गेलं पाहिजे. दोन्ही एकाच वेळी होऊ शकत नाही. काहीतरी तुटतं.

म्हणूनच गिअरबॉक्सच्या झाकणावर लहान स्विच बसवलेले असतात. ठरावीक गिअर पडल्याशिवाय ते ओव्हरड्राइव्हला वीजच मिळू देत नाहीत. पण दोष विजेत नसून तेलात असेल, तर ते बिचारे काय करणार?

१९७९

त्या साली एक निवृत्त शिक्षक त्यांची टीआर-४ आमच्या गॅरेजात घेऊन आले. म्हणाले, "दांडी बंद केल्यावर ओव्हरड्राइव्ह सुटायला फार वेळ लागतो. कधीकधी मैलभर." मी गाडी चालवून पाहिली. तक्रार खरी होती. परत आलो, गाडी गॅरेजच्या दारापाशी उभी केली, आणि रॅम्पवर घेण्यासाठी सरळ रेषेत यावी म्हणून रिव्हर्स टाकून क्लच सोडला.

तो आवाज मला अजून आठवतो. मोठा नव्हता. जाड लाकूड चिरफळावं तसा. गाडी हातभर मागे गेली आणि थांबली.

डबा खाली काढला तेव्हा एकदिशी क्लचच्या लाटण्या आणि त्यांचा पिंजरा मोडलेला होता आणि मागच्या ओतीव आवरणाला तडा गेला होता. डब्यातला व्हॉल्व्ह काढून उजेडात धरला, तर त्याचं सुईच्या टोकाएवढं छिद्र बुजलेलं होतं. पुसायच्या फडक्याचा एक तंतू. एवढंच कारण. तो तंतू फुंकून काढला असता तर काम दुपारी संपलं असतं.

कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकात ठळक अक्षरांत सूचना आहे की ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल तर गाडी मागे घेऊ नये. ते पुस्तक गॅरेजात फळीवर होतं. मी ते पान वाचलं नव्हतं.

बिलावर लिहिलं गेलं : डबा जुना होऊन निकामी, बदलला. डबा सोळा वर्षांचा होता हे खरंच होतं. पण तो तुटला माझ्या हातून. गॅरेजच्या मालकांना मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बिल तसंच ठेवलं. मी पुढे काही बोललो नाही. शिक्षकांनी पैसे भरले, आमचे आभार मानले आणि गेले. माझी तेव्हा नवी नोकरी नव्हती, परिस्थितीही तशी हलाखीची नव्हती. गप्प राहायला सबळ कारण होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

विचारायचा क्रम

त्यानंतर मी ते पुस्तक वाचलं, आणि निवृत्त होईपर्यंत असे बरेच डबे तपासले. त्यांतले बहुतेक उघडावेच लागले नाहीत. टीआर-४ चा गिअरबॉक्स काढायचा म्हणजे आसनं काढा, मधलं झाकण काढा, मागचा दांडा सोडा आणि सगळं वजन माणसं बसतात त्या जागेतून उचलून बाहेर घ्या. दोन दिवस जातात. म्हणून स्वस्त आणि हाताशी असलेले प्रश्न आधी विचारायचे, डबा सर्वांत शेवटी. तो क्रम असा.

सर्वांत आधी चालकाला विचारायचं, नेमकं काय होतं? लागत नाही, उशिरा लागतो, घसरतो, की सुटत नाही? ही चार वेगळी दुखणी आहेत. सुटत नाही असं उत्तर आलं, तर रिव्हर्सला हात लावायचा नाही.

लागत नसेल, तर कानानं सुरुवात करायची. इंजिन बंद, चावी चालू, चौथा गिअर, आणि दांडी हलवायची. खालून 'टक्' असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. तो सोलेनॉइडचा, म्हणजे वीज मिळाल्यावर लोखंडी गाभा आत ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा. आवाज नसेल तर डब्याचा विचारही करू नका. साधा बल्ब आणि दोन वायरी घेऊन वीज कुठपर्यंत पोचते ते बघत जा : दांडीचा स्विच, रिले, गिअरबॉक्सच्या झाकणावरचे स्विच, सोलेनॉइडची जोडणी. साठ वर्षं खालून तेल आणि पाणी खाणाऱ्या जोडण्या असतात त्या. बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो.

आवाज येतो, पण ओव्हरड्राइव्ह लागत नाही, तर पुढचा प्रश्न सोलेनॉइडच्या दांडीला. सोलेनॉइड एका आडव्या दांड्याला पीळ देतो, त्या दांड्यावरचा उंचवटा व्हॉल्व्ह वर उचलतो, आणि तो एक पोलादी गोळी तिच्या बैठकीवरून उचलतो. हे उचलणं इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतकंच. दांडी थोडी चुकीची बसली तरी गोळी उचलत नाही. ती तपासायला कारखान्यानं सोय ठेवली आहे. दुसऱ्या बाजूच्या दांडीला एक भोक आणि मागे आवरणालाही तेवढंच भोक. सोलेनॉइड ओढलेला असताना ३/१६ इंचाची सळई दोन्हींतून आरपार गेली पाहिजे.

याच दांडीशी आणखी एक जुनं दुखणं जोडलेलं आहे. सोलेनॉइडमध्ये दोन वेटोळी असतात. एक जाड, गाभा झटक्यात ओढण्यासाठी, भरपूर वीज खाणारं. दुसरं बारीक, नुसतं धरून ठेवण्यासाठी. गाभा पूर्ण आत गेला की जाड वेटोळ्याची वीज आपोआप तुटते. दांडी चुकली असेल तर गाभा शेवटपर्यंत पोचत नाही, जाड वेटोळं तापत राहतं आणि जळतं. लोक नवा सोलेनॉइड आणतात. तोही जळतो. दोन सोलेनॉइड ओळीनं जळाले, तर तिसरा विकत घेण्याआधी ती सळई घालून बघावी.

मग तेल. गिअरबॉक्सचं आणि ओव्हरड्राइव्हचं तेल एकच. ते भरल्यावर गाडी थोडी चालवून पातळी पुन्हा पाहावी लागते, कारण डबा आपला वाटा ओढून घेतो. तेल साधं, खनिज हवं. घर्षण कमी करणारी औषधं मिसळलेलं तेल गिअरना मानवेल, पण इथे घर्षणावरच तबकडीचं काम अवलंबून आहे. असं तेल घातलं की धडधाकट तबकडीही घसरते.

मग दाब. आतला पंप गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावर चालतो, म्हणून गाडी चालत असेल तरच दाब तयार होतो. डब्याच्या माथ्यावरचा बूच काढून तिथे दाबमापक लावता येतो. आमच्या गाडीला प्रति चौरस इंच सुमारे ४०० पौंड दाब लागतो. गाडीच्या टायरमधली हवा तीसच्या आसपास असते. दाब कमी भरला तर गाळणीची जाळी, पंपाची झडप, पिस्टनची कडी, या क्रमानं पाहायचं. एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. कुठलाही बूच उघडण्याआधी इंजिन बंद ठेवून, चावी लावून ओव्हरड्राइव्हची दांडी दहा-बारा वेळा लावायची आणि बंद करायची, म्हणजे साठलेला दाब उतरतो. तो न उतरवता बूच सोडला तर तेल तोंडावर येतं. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये हे वेगळं सांगायला नको.

वीज ठीक, दांडी ठीक, तेल ठीक, दाब ठीक, आणि तरीही घसरतो, तर अस्तर झिजलं असणार. आता डबा काढायचा.

सुटत नसेल तेव्हाही क्रम हाच, फक्त प्रश्न उलटे. दांडी बंद केल्यावर सोलेनॉइडची वीज खरोखर तुटते का? त्याची दांडी खाली परत येते का? दोन्ही होत असेल, तर व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह पोकळ असतो. तो खाली आला की गोळी बैठकीवर बसून दाबाचं तेल बंद करते, आणि पिस्टनमागचं तेल व्हॉल्व्हच्या पोकळीतून उतरून खालच्या बारीक छिद्रानं बाहेर पडतं. छिद्र मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, म्हणजे तबकडी दणका न देता हळूच परतते. ते बुजलं, तर तेलाला वाट नाही. पिस्टन जागचे हलत नाहीत आणि सूर्य धरलेलाच राहतो.

त्या शनिवारी

मी पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा इंजिन बंद होऊन तासाहून जास्त वेळ झाला होता. पंप थांबला की अडकलेलं तेलही कुठूनतरी हळूहळू पाझरतं, स्प्रिंगा तबकडीला परत नेतात. ते झालं आहे की नाही ते कळायला एक सोपा उपाय आहे. गिअर मोकळा, हातब्रेक सोडलेला, आणि बोनेटला हात लावून गाडी अलगद मागे ढकलायची. तबकडी पुढेच अडकली असेल तर मागची चाकं अडून बसतात. मग बळ वापरायचं नाही.

"हळू," मी म्हणालो. "नुसतं टेकल्यासारखं कर."

गाडी वीतभर मागे सरकली. सहज. मी ओव्हरड्राइव्हच्या रिलेची वायर काढून बाजूला बांधली, म्हणजे चुकून दांडीला हात लागला तरी काही होणार नाही. मग तिला म्हटलं, आता रिव्हर्स टाक. तिनं माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि टाकला.

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात आम्ही मधलं झाकण काढलं. दोष कुठे असेल याचा मला अंदाज होता, पण क्रम मोडला नाही. वायर पुन्हा जोडली. बल्ब लावून पाहिला, दांडी बंद करताच विझला. सोलेनॉइडची दांडी खाली येत होती. तेल पुरेसं होतं. दाब उतरवला आणि माथ्याचा बूच सोडला.

बुचाच्या आट्यांना लाल रंगाचं सील करायचं रबर लागलेलं होतं. ते पाहून मी थांबलो. तीन वर्षांपूर्वी, मित्र असताना, आम्ही याच बुचातून दाब मोजला होता. नंतर तिथून थेंब थेंब तेल येत होतं. तिथे तांब्याचा वायसर बदलायला हवा होता. घरात नव्हता, संध्याकाळ झाली होती, आणि मी आट्यांना ते लाल रबर फासून बूच आवळला होता. मित्र म्हणालाही होता, "अरे, उद्या वायसर आणू की." गाळणी पंपाच्या आधी असते. बुचाकडून आत पडलेल्या कणाला अडवणारं पुढे काहीच नसतं.

स्प्रिंग काढली, गोळी चुंबकानं उचलली, आणि टोक वाकवलेल्या तारेनं व्हॉल्व्ह वर ओढला. उजेडात धरला. छिद्रातून उजेड दिसायला हवा होता, तो दिसला नाही. वायरीतला तांब्याचा एक केस सोलून आत सारला, तेव्हा मोहरीच्या तुकड्याएवढा लाल कण बाहेर आला. मी तो तिच्या तळहातावर ठेवला.

व्हॉल्व्ह रॉकेलनं धुतला, हवेनं फुंकला. फडक्यानं पुसला नाही. गोळी, स्प्रिंग, तांब्याचा नवा वायसर, बूच. तीन मैल गाडी चालवली. दांडी खाली केली की इंजिनाचा आवाज उतरे, वर केली की लगेच चढे. घराशी परत आल्यावर तिनं गाडी स्वतःहून मागे घेऊन अंगणात लावली.

मग तिनं विचारलं, "काका, न बघताच फोनवर तुम्हाला कसं कळलं?"

मी तिला १९७९ ची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "त्या सरांना तुम्ही नंतर सांगितलंत का?"

"नाही," मी म्हणालो.

ते शिक्षक तेव्हाच सत्तरीचे होते. आता सांगायला कुणी उरलेलं नाही. गॅरेजही बंद होऊन बरीच वर्षं झाली.

मित्राची एक वही गाडीच्या कप्प्यात असते. कधी तेल बदललं, कधी ब्रेक केले, काय खर्च आला, सगळं तारीखवार त्याच्या बारीक मराठी अक्षरात. मी तिच्याकडून ती मागून घेतली आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिलं : 'ओव्हरड्राइव्ह सुटत नव्हता. वीज, दांडी, तेल तपासलं, ठीक. व्हॉल्व्हचं छिद्र बुजलेलं. कारण, तीन वर्षांपूर्वी मी बुचाला लावलेलं रबर. काढलं. तांब्याचा वायसर घातला. खर्च, एक वायसर.' खाली तारीख घातली आणि सही केली.